हर्षलचं पिंप

हेमंतातली पहाट. धरणाच्या पाण्यावरून धुकं उठतं, काठाकाठाने चढतं, आणि द्राक्षवेलींच्या रांगांतून पाऊल न वाजवता फिरत राहतं. धूसरवसना, हिमस्पर्शा, मौनव्रती अशी ही दिंडोरीकडची पहाट. पलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर केशराची एक किनार उमटते, आणि इकडे घोसांच्या हिरव्या मण्यांत, एकेका मण्यात, सोनेरी उजेड उतरू लागतो. बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणाला कधी काही झालंच नसेल.

झालं होतं. याच मण्यांच्या रसाने या घरचा मुलगा नेला होता.

हर्षल त्याचं नाव. हसरा, हट्टी, हाताला बारा महिने द्राक्षाचा चिकटा. सारं गाव खायची द्राक्षं पिकवत होतं, तेव्हा या पठ्ठ्याने शार्डोने, खास वाइनची द्राक्षं, लावली. गावाने यथेच्छ थट्टा केली. अरे, जिचं नाव घेताना जीभ अडखळते ती पोटाला काय घालणार, म्हणाले. हर्षल त्यांच्याहून मोठ्याने हसला आणि वेली मांडवावर चढवत राहिला.

त्याची बायको ऋतुजा. दोघं वाइनचं शिकायला एकत्र होती, तिथेच जमलं. त्याचे हात आणि हिचं नाक, असा तो संसार. तो वाइन करायचा आणि तिला म्हणायचा, "सांग, काय दिसतंय?" ती डोळे मिटून हुंगायची आणि एकेक नाव घ्यायची. लिंबाचं फूल. पिकलेलं अननस. भाजलेला काजू. तिने नाव घेतलं की त्याला वाटायचं, आता ही वाइन खरोखर जन्मली.

आणि मग ती सुगी आली. रस पोलादी टाकीत उकळत होता. आगीवाचून उकळणारा, फेनमुकुट ल्यालेला, रात्रंदिवस स्वतःशी बोलणारा रस. असा रस आंबताना एक वायू सोडतो. त्याला रंग नाही, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी जाऊन बसतो; तिथे उतरणाऱ्याचा श्वास कोंडतो. हर्षलला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? त्याने अर्धाकच्चा रस ओक लाकडाच्या पिंपात चढवला, रिकाम्या टाकीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "धुऊन लगेच येतो."

तो लगेच आला नाही. तो आलाच नाही.

राहिलं ते पिंप. तळघराच्या अंधारात, लाकडी चौकटीवर आडवं, गोलगरगरीत, मधुवर्णी. हर्षलच्या शेवटच्या श्वासाच्या वेळी जो रस उकळत होता तो त्यात हळूहळू शांत झाला, निवळला, वाइन झाला. त्याचा श्वास घेऊनच तो निवला, असं ऋतुजाला वाटायचं. ज्याने त्याला नेलं त्याचाच तिला लळा लागला. माणसाचं मन, दुसरं काय!

पिंप श्वास घेतं. लाकडाच्या रंध्रारंध्रांतून वाइन थोडी थोडी हवेत विरते. वर पोकळी पडते, पोकळीत हवा शिरते, आणि हवा शिरली की वाइन आंबून तिचा व्हिनेगर व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून वरचं बूच मधून मधून काढायचं आणि गेलेली घट भरून काढायची, अगदी काठोकाठ. ज्याच्या घरी पिंप, त्याच्या घरी हे काम. ते चुकवून चालत नाही.

हर्षलने पिंप भरतानाच त्याच रसाचा एक काचेचा बुधला घट भरण्यासाठी राखून ठेवला होता; तोही आता वाइन झाला होता. ऋतुजा त्यातून भरत गेली. थेंब थेंब, जपून जपून. आणि एक दिवस बुधला कोरडा झाला.

त्यानंतर तिने भरणं थांबवलं.

भरायला काही नव्हतं असं नाही. त्याच वेलींची, पुढच्या सुगीची शार्डोने शेजारच्या टाकीत होती, ऋतुजाने स्वतः केलेली. एकटीने, त्याच्या पद्धतीने. पण हर्षलच्या वाइनमध्ये दुसऱ्याचा थेंब? छे! माझाही नाही, ती म्हणाली. जे आहे ते निव्वळ त्याचं राहू दे. एवढी शिकलेली, जाणती बाई. पोकळी काय करते ते तिच्याइतकं कोण जाणणार? तरीही तिने तेच केलं. प्रेमापोटी माणूस जे करतो ते कधीकधी वैऱ्यालाही सुचत नाही.

वर, उन्हाच्या दालनात, ती पाहुण्यांना वाइन चाखवायची. नाशिकहून, पुण्याहून माणसं यायची, लांब दांड्याचे ग्लास उजेडात धरायची. तिचा चेहरा हसरा, आवाज मृदू. "फार गार करून पिऊ नका हं. बर्फात गाडली की वाइन रुसून बसते, वासच देत नाही." तिखट आवडणाऱ्यांना ती शेनिन ही वाइन द्यायची, पेरूच्या आणि मधाच्या वासाची. तळलेल्या मासळीबरोबर काय, असं विचारलं की सोव्हिन्यों, मीठ लावलेल्या कैरीसारखी चटकदार. आणि कुणी म्हणालं, "शार्डोने आहे का हो?" की तिचा हात क्षणभर थबकायचा.

"संपली," ती म्हणायची. खाली पिंप होतं, टाकी होती. तरी ती म्हणायची, संपली.

पाहुणे गेले की ती तळघरात उतरायची. दारालगत एका खिळ्यावर हर्षलची उन्हातली टोपी होती. तिला हात लावायची, पिंपापाशी जायची, आणि बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर ठोकायची. टक. टक. भरलेलं लाकूड जड बोलतं, मुकं बोलतं. रिकामं लाकूड पोकळ बोलतं. खालून वर, खालून वर, ती ठोकत जायची, आणि वरच्या फळीपाशी तो पोकळ आवाज यायचा. दर वेळी थोडा खाली सरकलेला. तो जातोय, तिला वाटायचं, तो पुन्हा एकदा जातोय. तरीही तिचा हात टाकीकडे वळायचा नाही.

बूच काढून पाहायचीही तिला भीती वाटायची. काय दिसेल? आंबलेला वास आला तर? मग त्याच्या हातचं या जगात काहीच उरणार नाही.

घरात तिसरं कुणी नव्हतं. ती, आणि तिचे सासरे निवृत्तीतात्या. तात्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला चंदनाचं गंध, ओठांवर नाम. मुलाने वाइन करायला घेतली तेव्हाच त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. वाइनशी हं, मुलाशी नव्हे. मुलगा गेल्यावर मात्र त्यांनी तळघराची वाटच टाकली. तिला वाइन म्हणायचे नाहीत, 'ते पाणी' म्हणायचे. "त्या पाण्याने माझं लेकरू गिळलं," एवढंच म्हणाले होते एकदा, आणि मग अंगणात, तळघराच्या झरोक्यालगतच्या ओट्यावर, भिंतीकडे पाठ करून बसले होते. अजूनही तिथेच बसत.

कार्तिक सरत आला होता. ऊन पातळ झालं होतं. ऋतुजा तळघरात उतरली, खिळ्यावरच्या टोपीला स्पर्श केला, पिंपावर ठोकलं.

टक. जड. वर गेली. टक. जड. अजून वर, अगदी बुचाच्या कडेला. टक.

मुका, भरीव, तुडुंब आवाज.

तिने बूच काढलं. काठोकाठ, बुचाच्या तोंडाशी, वाइनचा एक सोनेरी डोळा तिच्याकडे पाहत होता. आणि लाकडावर, बुचाच्या कडेला, एक ओली गोल खूण होती.

पिंप भरलेलं होतं.

कुणी भरलं? किल्ली तिच्याकडे आणि देवघरातल्या कोनाड्यात; तिसरी नाही. सुगीपर्यंत माणसं कामावर नव्हती. तात्या तर या पायऱ्यांकडे बघतही नसत. ती उभी राहिली, आणि अंधारात तिला एक वास आला. ओकचा नव्हे, वाइनचा नव्हे. चंदनाचा. चितेवर तिनेच चंदनाचा तुकडा ठेवला होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काय सांगावं, त्या काट्यामागून सुखाची एक शिरशिरी आली.

तो येतो.

त्या दिवसापासून तिचं चालणं बदललं, डोळे बदलले. तळघरात उतरताना ती केस विंचरू लागली. त्याला आवडायची ती अबोली रंगाची साडी नेसू लागली. पिंपाजवळ स्टूल ठेवून बसायची, छातीला लावावा तसा लाकडाला कान लावायची, दिवसभराचं सांगायची. कोण आलं, कुणी काय निवडलं, कुणी सोव्हिन्योंमध्ये सोडा घालून मागितला. "हसतोस काय?" म्हणायची. आणि थोडे दिवस गेले की लाकूड पुन्हा जरासं पोकळ बोलायचं, आणि आणखी थोडे दिवस गेले की पुन्हा जड. कधी बूच तिने लावलं त्याहून घट्ट असायचं. कधी चंदनाचा वास हवेत रेंगाळलेला असायचा. छायामय, धूपगंधी, निःशब्द असं कुणीतरी येऊन गेलेलं असायचं.

पिंप भरलेलं असायचं.

वर तात्या वाळत चालले होते. एकादशी नसताना उपास धरायचे. "जेवा ना, तात्या," ती म्हणायची. "आज नको, सूनबाई," एवढंच उत्तर. तिने फार विचारलं नाही. जिच्याकडे मेलेला नवरा येतो तिला जिवंत सासऱ्याच्या ताटाकडे लक्ष द्यायला फुरसत कुठली!

पौष उजाडला. वेलींवर मणी भरले, सुगी तोंडावर आली. एका दुपारी पाहुणे लवकर गेले. ऊन कलायला अवकाश होता. झरोक्यातून एक तिरपा सुवर्णपट्टा तळघरात उतरला होता. ऋतुजा नेहमीपेक्षा आधीच पायऱ्या उतरली. सवयीने खिळ्याकडे हात नेला, टोपीला लावायला.

हाताला टोपी लागली नाही. हाताला मणी लागले.

टोपीवर तुळशीची माळ अडकवलेली होती.

तिला काही क्षण कळेचना. ही माळ तिने कधी गळ्याबाहेर पाहिली नव्हती. आजारपणात नाही, मुलाला अग्नी देतानाही नाही. मग आतून आवाज आला. पाण्यावर पाणी पडल्याचा, बारीक, संथ.

पिंपापाशी तात्या उभे होते. नाकातोंडावर उपरणं घट्ट बांधलेलं, उघडा गळा कोवळा आणि पांढुरका, माळेच्या जागी फिकट रेघ. एका हातात नरसाळं, दुसऱ्या हातात तांब्या. शेजारच्या टाकीतली, ऋतुजाची शार्डोने, ते धारेधारेने हर्षलच्या पिंपात सोडत होते. एकही थेंब सांडत नव्हता.

"पी, बाळा," ते उपरण्याआडून पुटपुटत होते. "पी माझ्या राजा. लहानपणी दुधाच्या पेल्याला किती छळायचास. आता तरी पी."

"तात्या!"

नरसाळं खणकन जमिनीवर पडलं. म्हातारा वळला, आणि चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा भिंतीला टेकला.

ऋतुजाला आधी दया आली नाही. आधी आला तो संताप, आंधळा, उसळता, आणि त्याच्या तळाशी एक भयंकर पोरकेपणा. "तुम्ही? इतके दिवस तुम्ही होतात? तात्या, मला वाटत होतं तो येतो. मी नटून बसत होते इथे! मी त्याच्याशी बोलत होते!" तिचा आवाज दगडी भिंतींवर आपटून परत आला. "का भरलंत? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तात्यांनी उपरणं सैल केलं.

"कुणी सांगितलं नाही गं. तू इथं ठोकायचीस ना, ते झरोक्यातून वर यायचं. आधी भरल्यावानी वाजायचं. मग पोकळ वाजू राहिलं. रोज जास्त पोकळ." त्यांनी पिंपावर हात ठेवला, जपून, झोपलेल्या पोराच्या छातीवर ठेवावा तसा. "सगळं सोसलं, सूनबाई. तो आवाज नाही सोसला."

"पण त्याच्या वाइनमध्ये माझी मिसळलीत तुम्ही! ते फक्त त्याचं होतं."

"मला काय कळतंय त्यातलं. मी म्हटलं, वेल तीच, घर तेच. नवरात्रात दिव्यात तेल घालतो तेव्हा कालचं कोणतं, आजचं कोणतं, असं कुठं पाहू राहतो आपण? ज्योत विझायला नको, एवढंच पाहतो." त्यांनी पडलेलं नरसाळं उचललं. "मलाही वाटायचं पोरी, की तो येईल. दर खेपेला वाटायचं, आज पायरीवर दिसेल. पण येईस्तोवर कुणी तरी भरायला पाहिजे ना. लेकरू आलं आणि रिकामं दिसलं, तर काय वाटंल त्याला?"

ऋतुजा त्या पायरीवर बसली आणि रडली. दोन वर्षांत प्रथमच ती तो गेल्याचं रडली. तो येतो म्हणून नव्हे, येत नाही म्हणून नव्हे, गेला म्हणून. तात्या जवळ आले नाहीत. हाताला वाइन होती, सुनेच्या डोक्याला कशी लावायची, म्हणून हात अवघडून धरून ते उभेच राहिले.

मग ती उठली. काचेची लांब नळी घेतली, पिंपात सोडली, वर अंगठा दाबला, आणि एक घोट ग्लासात उतरवला. झरोक्याच्या सुवर्णपट्ट्यात तिने तो धरला. पिवळं, पारदर्शक, कणभरही न गढुळलेलं सोनं. आंबलेपणाचा मागमूस नव्हता. तिने डोळे मिटले.

काय दिसतंय, कुणीसं विचारलं. तिच्या मनानेच.

लिंबाचं फूल. ते त्याचं. पिकलेलं अननस, तेही त्याचंच. भाजलेला काजू, ओकची ऊब. आणि मग एक कोवळी, थोडी आडदांड धार, कच्च्या सफरचंदाची. ही माझी, तिने ओळखलं. पण ही धार कुठे सुरू होत होती? ती मागे गेली, पुन्हा घोट घेतला, शिवण शोधली. शिवण सापडेना. तिच्या आंबटपणाने त्याचा गोडवा सावरला होता, त्याच्या जुनेपणाने तिचा कोवळेपणा कुशीत घेतला होता. एकटी राहती तर ही वाइन कधीच गेली असती.

"कसं झालंय?" तात्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"चांगलं झालंय, तात्या. फार चांगलं झालंय." तिने ग्लास पुढे केला. "पिऊ नका. वास तर घ्या."

म्हातारा कचरला. मग नाक ग्लासाशी नेलं, आणि तिथेच थबकला. डोळे मिटले गेले, सुरकुत्यांतून काहीतरी पाझरू लागलं.

"लोणी कढवू राहिलंय कुणी," ते म्हणाले. "त्याची आई कढवायची तवा असाच वास घरभर सुटायचा. हा चुलीपाशी ठाण मांडून बसायचा बेरीसाठी. साखर घालून दिली की भांडं खरवडून खरवडून खायचा." त्यांनी पुन्हा श्वास घेतला, खोल, अधाशी. ज्या पाण्याने लेकरू गिळलं होतं त्या पाण्यात त्यांना लेकराची चाहूल लागली होती.

ऋतुजाने खिळ्यावरची माळ काढली.

"थांब, थांब," तात्या मागे सरले. "आंघोळ व्हायचीय माझी. दर खेपेला आंघोळ करूनच घालतो, आणि वर एक उपास. हात बाटलेत."

"तुमच्या हाताला हर्षल लागलाय, तात्या. तो कशाला धुऊन टाकायचा?"

आणि तिने, वाइनने ओल्या बोटांनी, माळ त्यांच्या गळ्यात घातली. फिकट रेघेवर मणी जाऊन बसले. तात्यांनी काढली नाही. "पण आता हे काम तुमचं नाही," ती म्हणाली. "आता मी भरीन." त्या संध्याकाळी दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवली.

सुगी आली, सरत आली; थंडी अजून रेंगाळत होती. एका रविवारी एक नवं जोडपं दालनात बसलं होतं. पोरीने मेंदीभरल्या हातात ग्लास धरला होता. "आम्हाला निवडता येत नाही हो," ती लाजत म्हणाली. "शार्डोने म्हणून काही असते ना? ती आहे का तुमच्याकडे?"

ऋतुजाचा हात थबकला. मग पुढे सरकला.

"आहे," ती म्हणाली.

तिने ती जाऊन आणली, पिंपातली, ताजी उतरवलेली. "लगेच पिऊ नका," म्हणाली. "तळहातात धरा जरा. ऊब लागली की बोलायला लागते." पोरीने धरली, हुंगली, नवऱ्याकडे पाहिलं. "लोणी?" ती नवलाने म्हणाली. "लोण्याचा वास येतो का वाइनला?" आणि ऋतुजा त्या दालनात, भर उजेडात, पाहुण्यांसमोर हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसू खरं होतं.

ऊन कलल्यावर ती तळघरात उतरली. बूच काढलं, आज जेवढी गेली तेवढी घट आपल्या वाइनने भरली, धारेधारेने, काठोकाठ. बूच बसवलं. मग बोटाचं पेर वाकवून तिने ठोकलं, खालून वर, खालून वर. टक. टक.

वर झरोक्याशी, ओट्यावर, जपाची माळ ओढणारा एक हात थांबला.

"भरलं का गं?"

"भरलं, तात्या."

बाहेर धुकं उतरू लागलं होतं, धूसरवसन, हिमस्पर्शी, वेलीवेलींतून पाऊल न वाजवता फिरणारं. खिळ्यावर एकटी टोपी होती. आणि खाली, अंधारात, पिंप हळूच श्वास घेत होतं.